गरोदरपणात प्लेटलेट कमी झाल्या तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टमधल्या एका आकड्यापुढे खाली वळलेला बाण असतो आणि डॉक्टरांची पुढची भेट चार दिवसांनी. त्या चार दिवसांत लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बरेचसे प्रश्न गरोदर बायकांचे आहेत, काही त्यांच्या नवऱ्यांचे आणि आयांचे.

पण हिरड्यांतून किंवा नाकातून येणारं रक्त थांबत नसेल, अंगावरून जात असेल, बरगड्यांखाली पोट दुखत असेल, किंवा डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर पुढचं वाचू नका. आत्ताच दवाखाना गाठा.

१. प्लेटलेट म्हणजे काय, आणि गरोदरपणात त्या किती असायला हव्यात?

प्लेटलेट म्हणजे बिंबिका. अस्थिमज्जेत तयार होणारे हे रक्तातले अगदी बारीक कण ७ ते १० दिवस जगतात. कुठे जखम झाली की फाटलेल्या जागी सगळ्यात आधी तेच जाऊन चिकटतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात. दीड लाखाखाली गेल्या की कमी म्हणायच्या. १ लाखापर्यंत सौम्य, ५० हजारांपर्यंत मध्यम आणि त्याखाली तीव्र, अशी ढोबळ विभागणी आहे. दीड लाखाची रेघ रिपोर्ट वाचण्याच्या सोयीसाठी आखलेली आहे. १ लाख ४० हजारांवर कुणाला आपोआप रक्तस्राव होत नाही.

२. माझ्या रिपोर्टवर प्लेटलेट फक्त ११८ लिहिल्या आहेत! एवढ्याच उरल्या?

नाही, त्या १ लाख १८ हजार आहेत. काही प्रयोगशाळा आकडा हजारांत लिहितात, काही लाखांत (१.१८), तर काही पूर्ण (१,१८,०००). आकड्यापुढचं एकक आधी पाहा. दोन वेगळ्या ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘एका आठवड्यात कोसळल्या’ असा समज करून घेतलेली किती तरी कुटुंबं आम्हाला लिहितात.

३. मला काहीच त्रास नाही, तरी सातव्या-आठव्या महिन्यात कमी कशा झाल्या?

बहुतेकदा हे गरोदरपणाचंच देणं असतं. या काळात रक्तातला द्रवभाग ४० ते ५० टक्के वाढतो, त्यामुळे तेवढ्याच प्लेटलेट जास्त रक्तात पसरतात. शिवाय प्लीहेत त्या जास्त अडकतात आणि वारेतल्या रक्तप्रवाहात काही वापरल्या जातात. २०१८ साली सात हजारांहून अधिक गरोदरपणांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही घसरण जवळजवळ सगळ्याच गरोदर स्त्रियांमध्ये दिसली. पहिल्या तिमाहीतली सरासरी अडीच लाखांच्या आसपास होती, ती बाळंतपणाच्या वेळी २ लाख १७ हजारांवर आली. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणांतही दहातल्या एकीचा आकडा बाळंतपणाच्या वेळी दीड लाखाखाली होता. १ लाखाखाली मात्र शंभरात जेमतेम एक.

याला गरोदरपणातली सौम्य प्लेटलेट-घट म्हणतात. ती सहसा चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर दिसते आणि ७० हजारांखाली क्वचितच जाते. बाळाच्या प्लेटलेटवर तिचा परिणाम होत नाही. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांत आकडा मूळ जागी येतो, काहींचा थोडा उशिरा. औषध लागत नाही, अधूनमधून मोजणी मात्र लागते.

४. मशीनची चूक असू शकते का?

असू शकते, आणि उपचार सुरू करण्याआधी ही शंका फेडायलाच हवी. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचा पदार्थ असतो. काहींच्या प्लेटलेट त्याच्या संपर्कात आल्या की एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मशीन एका गठ्ठ्याला एकच पेशी समजतं किंवा मोजतच नाही. शरीरात प्लेटलेट भरपूर, कागदावर ४० हजार. यावर उपाय सोपा आहे. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, म्हणजेच स्मियर, आणि गरज पडली तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजायचं. आकडा अचानक खूप खाली दिसला आणि अंगावर एकही डाग नसेल, तर ‘स्मियर पाहिला का?’ हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

५. मग कोणत्या आकड्याला काळजी करायची?

आकडा तोच असला तरी कारण वेगळं असेल तर त्याचा अर्थ बदलतो. वर्षभर ६० हजारांवर स्थिर असलेली स्त्री निर्धास्त घरी असू शकते. मात्र तीन दिवसांत दोन लाखांवरून ९० हजारांवर आलेलीला त्याच दिवशी दाखल करावं लागतं. म्हणून डॉक्टर तीन गोष्टी एकत्र पाहतात: आकडा किती, किती वेगाने घसरला, आणि सोबत काय आहे (रक्तदाब, ताप, यकृताच्या तपासण्या, हिमोग्लोबिन).

१ लाखाखाली गेल्यावर कारण शोधायला हवं. पहिल्या तिमाहीतच १ लाखाखाली असेल तर ती प्रश्न ३ मधली साधी घट नसण्याची शक्यता जास्त. बाळंतपणासाठी, सिझेरियन असो वा नसो, साधारण ५० हजार पुरेसे मानतात. पाठीतल्या भुलीसाठी जास्त लागतात (प्रश्न १०). २० ते ३० हजारांखाली गेल्यावर रक्तस्राव नसला तरी उपचार करतात.

गरोदरपणाआधीचा एखादा जुना रिपोर्ट सापडला तर तो जपून न्या. तेव्हाही आकडा कमी होता का, एवढं कळलं तरी निम्मं निदान होतं.

६. रक्तदाबाचा आणि प्लेटलेटचा काय संबंध?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली किंवा इतर अवयवांवर ताण दिसू लागला, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया. त्यात प्लेटलेट १ लाखाखाली आल्या की आजार तीव्र झाला असं धरतात. त्याचंच एक उग्र रूप म्हणजे हेल्प सिंड्रोम. लुई वाइनस्टीन यांनी १९८२ मध्ये त्याला हे नाव दिलं. तांबड्या पेशी फुटणं, यकृताची एन्झाइम वाढणं आणि प्लेटलेट कमी होणं या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते आलं आहे.

तो फसवा आहे. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी दुखतं, मळमळतं, उलटी होते, आणि घरात सगळे ‘पित्त झालं असेल’ म्हणतात. काहींचा रक्तदाब सुरुवातीला वाढलेलाही नसतो. आकडा मात्र तासातासाने खाली येऊ शकतो, म्हणून दर सहा-बारा तासांनी रक्त तपासतात. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात आणि रक्तदाब आटोक्यात ठेवतात. पण खरा उपाय बाळंतपण हाच. दिवस भरले नसले तरी तो निर्णय घ्यावा लागतो, आणि तो आईचा जीव वाचवण्यासाठी असतो.

बाळंतपण झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. हेल्पच्या सुमारे तीस टक्के घटना बाळंतपणानंतर घडतात, बहुतेक पहिल्या ४८ तासांत. घरी आल्यावर डोकं किंवा वरचं पोट दुखू लागलं तर ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून अंगावर काढू नका.

७. डॉक्टर ‘आयटीपी’ असेल म्हणतात. साध्या घटीपासून ते वेगळं कसं ओळखतात?

आयटीपीमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटना परकं समजून नष्ट करते. तो ठामपणे सांगणारी एकही तपासणी नाही. इतर कारणं एकेक करून बाजूला सारतात आणि उरतं ते आयटीपी. पहिल्या तीन महिन्यांत आकडा कमी, १ लाखाच्या बराच खाली, गरोदरपणाआधीही कमी, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके किंवा न लागता उठणारे काळेनिळे डाग, यांतलं काही असलं की पारडं आयटीपीकडे झुकतं. ८० हजारांच्या आसपास असताना मात्र दोन्हींतला फरक बाळंतपणानंतरच कळतो, आणि तोवर तसंच लक्ष ठेवणं योग्यच.

सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, यकृताच्या तपासण्या आणि गरजेनुसार ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आणखी एक आजार) तपासण्या करतात. आणखी एक गोष्ट सहज निसटते. आई, बहीण, भाऊ यांच्याही प्लेटलेट कमी असतील आणि स्मियरमध्ये त्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसत असतील, तर विकार आनुवंशिक असू शकतो. अशांना आयटीपी समजून वर्षानुवर्षं दिलेली औषधं उपयोगी पडत नाहीत.

८. आयटीपीसाठी स्टिरॉइड दिलं आहे. बाळाला काही होणार नाही ना?

आकडा ३० हजारांच्या वर आणि रक्तस्राव नाही, तर बहुतेकींना गरोदरपणात औषध लागत नाही. लागलं तर सहसा प्रेडनिसोलोनच्या लहान डोसने, दिवसाला १० ते २० मिलिग्रॅमने सुरुवात करतात. वार या औषधाचा मोठा भाग निष्क्रिय करते, त्यामुळे बाळापर्यंत थोडंच पोहोचतं. त्रास होऊ शकतो तो आईला: साखर, रक्तदाब आणि वजन वाढणं, झोप उडणं. परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम बंद करू नका. ती टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते.

घाईत आकडा वाढवायचा असेल तर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, म्हणजे प्रतिकारशक्तीची प्रथिनं) देतात. त्याचा परिणाम एक ते तीन दिवसांत दिसतो, पण काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून बाळंतपणाच्या तारखेशी मेळ घालून देतात. आयटीपीसाठी आधीपासून मायकोफेनोलेट घेत असाल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. त्याने बाळात व्यंग येऊ शकतं.

९. प्लेटलेट कमी आहेत म्हणून सिझेरियनच करावं लागेल का?

नाही. केवळ आयटीपीसाठी किंवा साध्या घटीसाठी सिझेरियन करत नाहीत. पोट उघडणं ही स्वतःच रक्तस्रावाची शस्त्रक्रिया आहे. प्रसूतीच्या एरवीच्या कारणांसाठी लागलं तरच करायचं. आयटीपी असेल तर बाळाच्या डोक्याला इजा होईल अशा गोष्टी टाळतात: व्हॅक्यूमने ओढणं, चिमट्याने (फोर्सेप्स) अवघड प्रसूती करणं, ठोके मोजायला बाळाच्या डोक्याच्या कातडीला लावायचं इलेक्ट्रोड. तुमच्या फाइलवर हे ठळक लिहून घ्या. कळा रात्री दोन वाजता सुरू झाल्या तर तेव्हा ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांना तुमची माहिती असेलच असं नाही.

१०. पाठीतून भूल देता येईल का?

आकडा ७० हजार किंवा त्याहून जास्त आणि स्थिर असेल, रक्त गोठण्याचा दुसरा विकार नसेल आणि रक्त पातळ करणारं औषध चालू नसेल, तर बहुतेक भूलतज्ज्ञ देतात. काही जण ८० हजारांची मर्यादा पाळतात. सुईच्या जागी मणक्यात रक्त साठून मज्जारज्जूवर दाब येण्याची भीती असते. ते फार क्वचित घडतं, पण घडलं तर गंभीर असतं. हेल्पमध्ये आकडा वेगाने पडतो, त्यामुळे तिथे कालचा रिपोर्ट चालत नाही, काही तासांपूर्वीचा लागतो. आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांची भेट घ्या. ऐन कळांमध्ये ही चर्चा नीट होत नाही.

११. माझ्यामुळे बाळाच्याही प्लेटलेट कमी होतील का?

साध्या घटीत नाही. आयटीपीत आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, त्यामुळे दहांतल्या सुमारे एका बाळाच्या प्लेटलेट ५० हजारांखाली जातात. मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण शंभरात साधारण एक किंवा त्याहून कमी. आईच्या आकड्यावरून बाळाचा अंदाज बांधता येत नाही. त्यातल्या त्यात भरवशाची खूण म्हणजे आधीच्या बाळाचा आकडा.

जन्मताच नाळेतलं रक्त तपासतात. तो आकडा चांगला आला तरी थांबू नका, कारण बाळाच्या प्लेटलेट दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात खाली जातात. पहिला आकडा कमी आला असेल तर त्या दिवसांत पुन्हा तपासणी होईपर्यंत घरी जाण्याची घाई नको. व्हिटॅमिन के चं मांडीतलं इंजेक्शनही नाळेच्या रक्ताचा आकडा कळेपर्यंत थांबवतात. स्तनपान जरूर करा. प्रेडनिसोलोन चालू असलं तरी हरकत नाही.

१२. ताप आला आणि प्लेटलेट घसरल्या. हेही गरोदरपणामुळे?

ताप असेल तर आधी डेंगी, मलेरिया आणि इतर संसर्ग तपासायचे. तापासाठी पॅरासिटामॉलच घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन नको. डेंगीत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे असतात. तेव्हा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो. त्या दिवसांत प्लेटलेटइतकंच हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण), रक्तदाब आणि लघवीचं प्रमाण महत्त्वाचं. गरोदरपणात मुळातच हिमॅटोक्रिट कमी आणि नाडी जलद असते, त्यामुळे ही चिन्हं झाकली जातात. म्हणून गरोदर स्त्रीला डेंगीत दाखल करून ठेवणंच बरं.

१३. प्लेटलेटच्या पिशव्या चढवून आकडा वाढवता येत नाही का?

येतो, पण तो टिकेलच असं नाही. आयटीपीत चढवलेल्या प्लेटलेटही शरीर लगेच नष्ट करतं, म्हणून रक्तस्राव होत असेल किंवा बाळंतपण अगदी समोर असेल तेव्हाच देतात. डेंगीत रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी म्हणून देत नाहीत. टीटीपी नावाच्या दुर्मिळ आजारात तर जिवावर बेतणारा रक्तस्राव असल्याशिवाय प्लेटलेट देणं टाळतात. त्यात बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, एडीएएमटीएस१३ हे एन्झाइम दहा टक्क्यांखाली जातं आणि उपचार प्लाझ्मा (रक्तातला द्रवभाग) बदलण्याचा असतो. सुरुवातीला तो हेल्पसारखाच दिसतो, पण बाळंतपणानंतर हेल्प ओसरू लागतो आणि टीटीपी ओसरत नाही.

१४. कुठला रस, काढा किंवा आहार घेतला तर प्लेटलेट वाढतील?

साधी घट आणि आयटीपी आहाराने बदलत नाहीत. गरोदरपणात कडू रस आणि काढे भरपूर घेतले तर उलट्या आणि यकृतावर ताण येऊ शकतो, आणि मग एन्झाइम कशाने वाढली हेच कळेनासं होतं. आहाराने सुधारतं ते जीवनसत्त्वांच्या कमतरतेतलं चित्र. ते पुढच्या उत्तरात आहे.

१५. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही कमी आहेत. एकच कारण असेल?

असू शकतं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमखाली (मधल्या तिमाहीत १०.५ खाली) गेलं की रक्तक्षय धरतात, ७ खाली गेलं की तीव्र. निव्वळ लोहाच्या कमतरतेत प्लेटलेट सहसा कमी नसतात, उलट कधी वाढलेल्या असतात. म्हणून दोन्ही कमी असतील तर ‘लोहाच्या गोळ्या घ्या’ एवढ्यावर थांबू नये. बी१२ किंवा फोलेटची कमतरता असेल तर तांबड्या पेशी मोठ्या होतात आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेटही घटतात. बी१२ मिळालं की आकडे काही आठवड्यांत वर येतात. बी१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं, म्हणून दोन्ही तपासावीत. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी असतील आणि कारण सापडत नसेल, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे लवकर जा. अस्थिमज्जेची तपासणी गरोदरपणातही करता येते.

१६. मला थॅलेसेमिया मायनर आहे. याने प्लेटलेट कमी होतात का?

होत नाहीत. पण नवऱ्याची तपासणी आजच करा, सातव्या महिन्यात नको. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. वारेचा तुकडा ११ ते १४ आठवड्यांत आणि गर्भजल १५ आठवड्यांनंतर तपासता येतं, म्हणजे निर्णयाला वेळ मोजकाच उरतो. सिकलसेलचंही असंच. आणि लोह तपासल्याशिवाय मायनरमध्ये महिनोन्‌महिने लोहाचे जास्त डोस घेऊ नका.

१७. प्लेटलेट कमी आहेत, तरी मला अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) दिलंय. हे उलटं नाही का?

तसं वाटणं साहजिक आहे. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये प्लेटलेट कमी असूनही रक्त गुठळ्या धरतं आणि गर्भपात होतात, म्हणून ही औषधं लागतात. प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठीही लहान डोसची अ‍ॅस्पिरिन देतात. आकडा ५० हजारांच्या वर आणि स्थिर असेल तर ती बहुधा चालू ठेवतात. आपल्या मनाने बंद करू नका, फोन करून विचारा. एक अपवाद आहे: हेपॅरिन सुरू केल्यानंतर पाच ते दहा दिवसांत आकडा निम्म्यावर आला, तर तो हेपॅरिनचाच दुष्परिणाम असू शकतो. तो क्वचित होतो, पण लगेच कळवायला हवा.

१८. पाळीत नेहमीच खूप रक्त जायचं, आणि आता आयटीपी सांगितलंय. दुसरं काही असू शकेल का?

व्हॉन विलेब्रँड आजार तपासून घ्या. त्यात रक्त थांबवायला मदत करणारा त्याच नावाचा घटक कमी किंवा सदोष असतो. गरोदरपणात हा घटक आपोआप वाढतो, त्यामुळे नऊ महिने ठीक जातात. बाळंतपणानंतर तो घसरतो आणि पहिल्या काही आठवड्यांत, कधी घरी गेल्यावर, रक्तस्राव होतो. याचा ‘२बी’ हा प्रकार विशेष चकवतो, कारण त्यात गरोदरपणात प्लेटलेट घटतात आणि चित्र हुबेहूब आयटीपीसारखं दिसतं. दात काढल्यावर रक्त न थांबणं किंवा घरात कुणाला असा त्रास असणं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. हिमोफिलियाची वाहक असाल तर मुलगा होणार असल्याचं धरून प्रश्न ९ मधली काळजी घेतात.

१९. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे. प्लेटलेट कमी असताना अँटी-डी इंजेक्शन घेता येईल?

घ्यायलाच हवं: साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. आकडा फार कमी असेल तर शिरेतून देण्याजोगा प्रकार वापरतात, किंवा बारीक सुई वापरून नंतर बराच वेळ दाबून धरतात. लशींचंही तसंच.

२०. माझ्या प्लेटलेट नेहमीच नॉर्मल होत्या, पण पहिल्या बाळाच्या खूप कमी निघाल्या. असं कसं?

बाळाला वडिलांकडून मिळालेला प्लेटलेटवरचा एक अंश, बहुतेकदा एचपीए-१ए, आईकडे नसेल तर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. आईच्या प्लेटलेट सुरक्षित राहतात, बाळाच्या नष्ट होतात. रक्तगट न जुळण्यासारखंच हे आहे, पण इथे पहिल्याच बाळाला त्रास होऊ शकतो, आणि पोटात असतानाच मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती प्रश्न ११ मधल्या आयटीपीपेक्षा जास्त असते. पुढच्या गरोदरपणाआधी आई-वडील दोघांच्या प्लेटलेटचा प्रकार आणि आईची प्रतिपिंडं तपासून घ्या. गरज असेल तर गरोदरपणातच आईला इम्युनोग्लोब्युलिन देऊन बाळाचं रक्षण करता येतं.

२१. बाळ तीन महिन्यांचं झालं, तरी आकडा ९० हजारच आहे. पुन्हा दिवस राहिले तर चालेल?

तीन महिन्यांनंतरही कमी असेल तर ती गरोदरपणाची घट नव्हती. आयटीपी, आनुवंशिक विकार किंवा यकृत-प्लीहेचं कारण आता शोधायला हवं, आणि गरोदर नसताना हे सगळं जास्त मोकळेपणी तपासता येतं. आयटीपी निघालं तरी पुढच्या गरोदरपणाला ती आडकाठी नाही. फक्त आकडा स्थिर असताना ठरवा. साधी घट पुढच्या खेपेलाही होऊ शकते आणि तेव्हाही तशीच निरुपद्रवी असते. हेल्प होऊन गेला असेल तर मात्र पुढच्या वेळी पहिल्या तिमाहीतच डॉक्टरांना सांगा, कारण अ‍ॅस्पिरिन साधारण बाराव्या आठवड्यापासून सुरू केली तरच तिचा चांगला उपयोग होतो.